‘बघू’पेक्षा वेळेवरचं ‘नाही’ बरं

पत्र: मी चाकणच्या एका कारखान्यात मशीन शॉपचा सेक्शन इनचार्ज आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात. याच शॉपमध्ये आधी ऑपरेटर, मग सेटर (कामाप्रमाणे मशीन जुळवून देणारा) होतो. फेब्रुवारीत बढती मिळाली. तीन पाळ्यांत मिळून २२ माणसं माझ्याकडे आहेत. कुणी काही मागितलं की मला ‘नाही’ म्हणवत नाही, ‘बघू’ म्हणतो. आता गणपतीला नऊ जणांनी रजा मागितली आहे आणि सप्टेंबरमध्ये डिस्पॅचचा जोर असतो. एका सिनियर ऑपरेटरला कायमची पहिली पाळी हवी आहे, कारण त्याच्या आईचं डायलिसिस सुरू झालं आहे. एकाला ४० हजारांची उचल हवी आहे, एकाला पगारवाढ. सगळ्यांना ‘बघू’ सांगून ठेवलं आहे. पूर्वी आम्ही डबा एकत्र खायचो, आता मी आलो की बोलणं थांबतं. नाही म्हटलं तर उरलेला विश्वासही जाईल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर:

तुम्ही अजून कुणालाच नकार दिलेला नाही, आणि तरीही माणसं दुरावली आहेत. तुमच्या भीतीचं उत्तर यातच आहे. विश्वास जातोय तो ‘बघू’मुळे.

‘बघू’ म्हणताना तुमच्या मनात असतं की बहुतेक जमणार नाही, पण आत्ता वाईटपणा नको. ऐकणाऱ्याला वाटतं, साहेबांनी मनावर घेतलंय. तो घरी फोन करतो, गावी भावाला सांगतो की यंदा मखराचं मी बघतो, मुलांना कबूल करतो. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही ‘नाही जमत रे’ म्हणता, तेव्हा त्याची रजा तर जातेच, शिवाय घरच्यांसमोर आणि भावकीत त्याचा शब्दही जातो. रजेचं दुःख महिनाभरात विरतं. शब्द गेल्याचं लक्षात राहतं, आणि तो कुणामुळे गेला हेही.

म्हणून पहिलं काम तारखेचं. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ ला आहे. कोकणात जाणारा माणूस शनिवारी, १२ तारखेला निघायचं बघणार. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती). म्हणजे १२ सप्टेंबरची तिकिटं १४ जुलैच्या सकाळी सुटतील, आणि कोकण रेल्वेवर गणपतीची तिकिटं किती मिनिटं टिकतात हे तुमच्या माणसांना तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. त्या सकाळी मोबाइल हातात घेऊन बसण्याआधी प्रत्येकाला आपलं उत्तर माहीत असलं पाहिजे. १३ जुलैला दिलेल्या नकाराने माणूस नाराज होतो. तोच नकार १० सप्टेंबरला दिला तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

आता आकडेमोड, कागदावर. तुमच्याकडे २२ माणसं म्हणजे प्रत्येक पाळीला सात आणि वर एक रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, असं धरू. पाळी चालवायला किमान किती लागतात ते तुम्ही स्वतः सेटर होतात त्यामुळे अचूक सांगू शकता. पाच मशीन, एक तपासणीला, एक माल हलवायला अशी मांडणी असेल, तर जोराच्या दिवसांत सहा माणसांत ओढून नेता येतं, पाच माणसांत नाही. म्हणजे पाळीमागे एक याप्रमाणे तीन जागा, रिलीव्हर धरून चार. त्यातली एक हात न लावता ठेवा, कारण रोज कुणी ना कुणी तापाने, अपघाताने, घरातल्या अडचणीने येत नाहीच. उरल्या एका वेळी तीन. शिवाय दोन्ही सेटर एकाच वेळी रजेवर नकोत, नाहीतर माणसं हजर आणि मशीन उभं. तुमचा आकडा वेगळा निघू शकेल. पण तो आधी काढलेला असेल तरच नकार देताना तुमच्या बोलण्यात ठामपणा येतो. नाहीतर समोरच्याने दोनदा विनवलं की तुम्ही पुन्हा ‘बघू’वर याल.

तीन जागा आणि नऊ मागण्या म्हटलं की सहा नकार, असं वाटतं. तसं होतंच असं नाही. अजून एक प्रश्न विचारायचा राहिला आहे: तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा? दीड दिवसाचा असेल तर तो माणूस विसर्जन करून एका दिवसात परत निघू शकतो. कुणाकडे गौरीबरोबर जातो. मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला चतुर्थीपेक्षा महालक्ष्म्यांचे तीन दिवस हवे असतात. कुणाचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे २५ सप्टेंबरपर्यंत असतो, आणि घरात भाऊ असतील तर त्याला शेवटचे चार दिवसही चालतात. सगळ्यांनी अर्जात मात्र ‘१२ ते २०’ असंच लिहिलेलं असतं, कारण कमी मागितलं तर कमी मिळेल ही धास्ती. दीड दिवसवाला परतला की त्याचीच जागा महालक्ष्म्यांना जाणाऱ्याला देता येते. मधला एखादा दिवस ओव्हरटाइमने भरा. त्याचा दर कायद्याने दुप्पट आहे, तेव्हा वरून मंजुरी आत्ताच घेऊन ठेवा. अशी जुळवाजुळव केली तर नऊपैकी सहा जणांना काही ना काही देता येईल आणि खरा नकार तिघांनाच द्यावा लागेल.

ते तिघं कोण, हे कशावरून ठरवायचं? ‘ज्याने आधी मागितलं त्याला आधी’ हा नियम सोपा दिसतो, पण त्यात जो तुमच्याशी मोकळेपणी बोलतो तोच दरवर्षी जिंकतो. चिठ्ठ्या टाकणं न्यायाचं वाटतं, पण एकच माणूस लागोपाठ दोन वर्षं हरू शकतो. ‘तुम्हीच आपापसात ठरवा’ हा तर सर्वांत वाईट मार्ग. अशा वेळी सगळ्यांत नवा, सगळ्यांत गरीब स्वभावाचा किंवा लग्न न झालेला माणूस ‘मी थांबतो’ म्हणतो, आणि त्यात स्वखुशी किती हे तुम्हाला कधीच कळत नाही. माझ्या मते आळीपाळीने देणं हाच टिकणारा नियम: गेल्या वर्षी ज्याला मिळाली नाही तो यंदा आधी, दोघांचा हक्क सारखा असेल तेवढ्यापुरती चिठ्ठी. गेल्या वर्षीचं मस्टर एचआरकडे आहे, ते काढा. आणि सण फक्त गणपतीचाच धरू नका. बिहार-उत्तर प्रदेशातल्या माणसाला दिवाळीनंतरच्या छठला जायचं असतं, कुणाला आषाढीला पंढरपूर गाठायचं असतं. या सगळ्यांचा वर्षाचा एकच हिशेब ठेवला की गणपतीत थांबणाऱ्याला छठची रजा आत्ताच लिहून देता येते.

नियम ठरला की तो आधी लावायचा, मग उत्तरं द्यायची. नोटीस बोर्डावर मराठीत आणि हिंदीत पाच ओळी पुरेत: एका वेळी किती जागा, सेटरची अट, क्रम कसा लागेल, उत्तर कोणत्या तारखेला मिळेल, आपापसात अदलाबदल करायची तर तुम्हाला सांगून. उत्तरं देऊन झाल्यावर लावलेला नियम कितीही चोख असला तरी तो सबबच वाटतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं थोडं, कारण काही मागण्या नाकारण्याचा अधिकार तुम्हाला मुळात नसतो. भरपगारी रजा ही मेहेरबानी नव्हे, ती कमावलेली असते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ प्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस रजा मिळत असे, आणि रजेआधी किमान १५ दिवस लेखी अर्ज करायचा असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत वीसला एक हे प्रमाण तेच आहे, २४० दिवसांची अट मात्र १८० वर आली आहे. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की रीतसर मागितलेली रजा नाकारली, तर ती पुढच्या वर्षात नेताना ३० दिवसांची कमाल मर्यादा लागू होत नाही. नाकारलेला अर्ज म्हणूनच फाडायचा नाही. त्यावर ‘नामंजूर’, कारण आणि तारीख लिहून एक प्रत त्या माणसाला द्यायची. त्याचा हक्क त्या कागदावर टिकतो. ‘तोंडीच सांगितलंय, अर्ज मागे घे’ असं चुकूनही म्हणू नका. आजारपण आणि बाळंतपणाच्या रजेला तर हा हिशेब लागतच नाही. ते अर्ज आले की तसेच एचआरकडे द्या.

आता प्रत्यक्ष सांगणं. यात दहा मिनिटं जातात, पण बहुतेक बिघाड याच दहा मिनिटांत होतो.

जागा: मशीनपाशी नाही. मशीन चालू असताना वाईट बातमी दिली तर त्याचं लक्ष उडतं आणि हात मशीनमध्ये असतो. चहाच्या टपरीवरही नाही, चार जणांत नाही, शॉपच्या ग्रुपवर तर नाहीच. केबिनमध्ये बसवा, रिलीव्हरला त्याच्या मशीनवर उभं करा. वेळ पाळी सुरू झाल्यावर दोन तासांनी ठेवा. पाळी सुटताना सांगितलं तर तो राग घेऊन दुचाकीवर बसतो, आणि त्याला काही विचारायचं सुचेपर्यंत तुम्ही घरी गेलेले असता. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सांगणंही त्याच कारणाने टाळा. आणि तिघांना एकाच दिवशी सांगा. एकाला सोमवारी आणि दुसऱ्याला गुरुवारी कळलं तर मधल्या तीन दिवसांत अफवा तुमच्याआधी पोचते.

पहिल्याच वाक्यात निकाल सांगा. ‘तू खूप चांगलं काम करतोस, तुझ्यावर माझा विश्वास आहे’ अशी सुरुवात केली की त्याला कळतंच पुढे काय येणार आहे, आणि पुढच्या वेळी खरं कौतुक केलंत तरी तो नकाराची वाट बघत बसेल. असं म्हणता येईल:

‘गणपतीची १२ ते २० रजा मला मंजूर करता येत नाहीये. एका वेळी तीनच जणांना सोडता येतं, आणि गेल्या वर्षी ज्यांना मिळाली नव्हती ते तिघं तुझ्याआधी आहेत. २१ ते २६ ची जागा मोकळी आहे, ती हवी असेल तर परवापर्यंत सांग, तोवर ती तुझ्यासाठी धरून ठेवतो. आणि पुढच्या वर्षी तुझं नाव यादीत वर असेल.’

एवढंच. मग गप्प बसा. ही शांतता तुम्हाला फार जड जाईल, कारण सवयीने तोंडात ‘पण बघतो मी अजून’ येईल. ते एक वाक्य निसटलं की सगळी मेहनत पाण्यात गेली. तो फक्त तेवढंच घेऊन बाहेर पडेल.

कारण एकच द्या, आणि ते खरं असू द्या. तीन कारणं दिलीत तर तो सगळ्यांत लंगडं कारण पकडून वाद घालेल, आणि ते खोडता आलं की नकारच खोटा ठरेल. त्याच्या जुन्या चुका या वेळी काढू नका. ‘मागच्या महिन्यात दोनदा उशिरा आलास’ म्हटलं की रजेचा हिशेब बाजूला राहतो आणि ती शिक्षा होते. उशिरा येण्याबद्दल बोलायचं तर वेगळ्या दिवशी बोला. ‘माझ्या हातात असतं तर दिली असती’ हेही नको, कारण ही रजा तुमच्याच हातात आहे आणि त्याला ते माहीत आहे. निर्णय खरोखर वरचा असेल तेव्हा तसं सरळ सांगा: निर्णय प्लँट हेडचा आहे, मी शिफारस केली होती. केली नसेल तर केली म्हणू नका. आणि वरच्यांना शिव्या घालून त्याच्या बाजूचे होऊ नका. तो आज सुखावेल, पण उद्या तुमच्या शब्दाने काही हलत नाही असं धरून थेट वर जाईल.

संबोधनाचीही एक गोष्ट आहे. तुम्ही त्यांच्यातूनच वर आलात, बऱ्याच जणांना ‘तू’ म्हणत असाल. नकार देताना माणूस नकळत ‘तुम्ही’वर किंवा ‘आपण अर्ज केला होता’वर येतो. समोरच्याला तो शब्दच आधी लागतो, रजा मागाहून. एरवी ‘तू’ असेल तर आजही ‘तू’. वयाने मोठ्या ऑपरेटरला ‘काका’ म्हणत असाल तर नाकारतानाही ‘काका’च.

‘मग त्याला का मिळाली?’ हा प्रश्न येणारच. दुसऱ्याच्या घरातलं कारण तुम्ही सांगायचं नाही, ते त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं असतं. कुठला नियम लागला तेवढं सांगा. ऐकणाऱ्याला आज ते अपुरं वाटेल, पण त्याचवेळी त्याला हेही कळतं की उद्या त्याच्या घरची गोष्टही इथून बाहेर जाणार नाही. तो चिडला, आवाज चढला, तर तेवढं होऊ द्या. ‘समजून घे ना’ म्हणू नका. नकारही द्यायचा आणि वर त्याच्याकडून समजूतदारपणाही मागायचा, हे फार होतं.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी त्याच्या एकट्याच्या नंबरवर दोन ओळी पाठवा: काय नामंजूर झालं, काय मोकळं आहे, कुठल्या तारखेपर्यंत सांगायचं.

कंत्राटी मुलांच्या मागण्या तुमच्याकडे येतात तेव्हा ‘कॉन्ट्रॅक्टरला विचार’ म्हणून वाटेला लावू नका. रजा देणारा तो असला, तरी लाइनवर एक माणूस कमी चालेल की नाही हे तुम्हीच त्याला सांगत असता. त्याच्या सुपरवायझरशी तुम्ही बोला आणि उत्तर मुलाला तुम्ही सांगा.

आता आईच्या डायलिसिसचं. मागितलेलं आणि हवं असलेलं यात इथे फरक असू शकतो, म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी विचारा: आठवड्यातून किती वेळा, कुठल्या वारी, किती वाजताचा स्लॉट? डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा असतं, एका वेळेला सुमारे चार तास, शिवाय ने-आण. स्लॉट सकाळी आठचा असेल तर पहिली पाळी त्याच्या उपयोगाचीच नाही, त्याला दुसरी हवी. स्लॉट संध्याकाळचा असेल तर पहिली. आणि काही झालं तरी डायलिसिसच्या आदल्या रात्री तिसरी पाळी नको. रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळी न झोपता आईला दुचाकीवर मागे बसवून नेणं दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. त्याने ‘कायमची पहिली’ मागितली ती कदाचित तुम्हाला तेवढंच समजेल म्हणून.

‘कायमची’ याला मात्र नकार द्यावा लागेल, आणि तो देण्यात कमीपणा नाही. एकाला कायम पहिली पाळी दिली की दुसऱ्या कुणाच्या वाट्याला कायमच्या जास्त रात्री येतात, आणि त्याच्याही घरात लहान मूल किंवा आजारी बाप असतो. त्याला असं सांगा: ‘कायमची पहिली पाळी देता येणार नाही. तीन महिने तुमची तिसरी पाळी काढतो आणि डायलिसिसच्या वारी सोयीची पाळी लावतो. ३० सप्टेंबरला आपण पुन्हा बसू, तेव्हा स्लॉट बदलला असेल तर तोही बघू.’ ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्यासमोर लिहा. त्याच्या रात्री कोण घेणार हे आधी विचारून ठरवा, आणि जो घेईल त्याला त्याबदल्यात काय मिळेल हेही त्याच वेळी बोला. दिवाळीतली पसंतीची रजा हा साधा मोबदला आहे. नुसत्या ‘माणुसकी’वर कुणी तीन महिने रात्रपाळ्या करत नाही, आणि करावी अशी अपेक्षाही रास्त नाही.

शिवाय त्याला दोन दारं दाखवा, कारण पाळीइतकाच खर्चही त्याला छळत असणार. पगार २१ हजारांच्या मर्यादेत असून तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विम्यात) असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचा उपचार त्यात होतो. नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि डायलिसिस तिच्या उपचारांत येतं. रुग्णालय योजनेत आहे ना हे आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडून) खात्री करून घ्यायला सांगा. रेशनकार्ड आणि आधार लागतं.

४० हजारांच्या उचलीचं उत्तर त्या मानाने थोडक्यात. कंपनीच्या नियमात उचल असेल तर अर्ज पुढे पाठवा. नसेल तर त्याच दिवशी ‘नाही’ सांगा, कारण पैशाची गरज असलेला माणूस तुमच्या भरवशावर थांबला तर शेवटी सावकाराकडे जातो. पैसे कशाला हवेत हे वाट दाखवण्यापुरतंच विचारा: आजारपण असेल तर पीएफमधून पैसे काढता येतात, कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल तर तिथलं कर्ज बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतं. खिशातून मात्र देऊ नका. मन मऊ आहे म्हणून द्यावंसं वाटेल. पण एकदा तो तुमचा देणेकरी झाला की ओव्हरटाइम दिलात तर ‘वसुलीसाठी दिला’ आणि नाही दिलात तर ‘पैसे परत केले नाहीत म्हणून’. दोघांचाही मोकळेपणा जातो.

पगारवाढीबाबत ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे शब्द तोंडातून काढू नका. पुढच्या वर्षीचं बजेट तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात शिफारस आहे, तेवढीच कबूल करा. ‘आत्ता वाढ होणार नाही. वाढीच्या वेळी मी शिफारस पाठवीन, मंजुरी वरून येते. शिफारशीला वजन यायचं तर टर्निंगबरोबर ग्राइंडिंग यायला हवं आणि फर्स्ट पीसची तपासणी स्वतः करता यायला हवी.’ मग ग्राइंडिंगवर त्याला उभं राहायला मिळेल असे आठवड्यातले दोन दिवस त्याला नेमून द्या. शिकायची संधीच न देता ‘आधी शिकून ये’ म्हणणं हा नकाराहून वाईट प्रकार आहे. आणि तुम्हाला मनापासून वाटत असेल की हा माणूस वाढीच्या लायक नाही, तर बजेटच्या आड लपू नका. कामात काय कमी पडतं ते सांगा, मोजता येईल अशा भाषेत: रिजेक्शन किती, सेटिंगला वेळ किती.

आता या आठवड्याचं, कारण ‘बघू’चं ओझं आधी उतरवायला हवं. पाळी बदलताना तिन्ही पाळ्यांना वेगवेगळं गाठून पाच मिनिटं बोला. ‘बऱ्याच जणांना मी बघू म्हणून लटकवून ठेवलंय, ती माझी चूक झाली. रजांची उत्तरं ११ जुलैपर्यंत प्रत्येकाला मिळतील, बाकीच्या मागण्यांची महिनाअखेर. यापुढे कुणी काही मागितलं तर त्याच वेळी उत्तराची तारीख सांगेन.’ लांबण लावू नका. कुणी तुमच्या ‘बघू’वर विसंबून एसटीच्या गट आरक्षणात किंवा खासगी गाडीत जागा धरून पैसे भरले असतील तर ते आत्ताच विचारून घ्या, रद्द करायला जितका उशीर तितकी कपात जास्त. मात्र पैसे भरले म्हणून त्याला यादीत वर घेऊ नका. तसं केलंत तर पुढच्या वर्षी सगळे आधी आरक्षण करून मग रजा मागायला येतील.

नकारानंतरचे आठ दिवस नेहमीसारखं वागा. दुरून वळसा घालू नका आणि चहा-भजी पाजून भरपाईही करू नका. सकाळी मशीनपाशी जाऊन रोजचंच बोला. तो तुटक बोलेल, चालेल. चतुर्थीच्या दिवशी तो न सांगता गैरहजर राहिला तर लगेच ‘मुद्दाम केलं’ असं ठरवू नका. आधी फोन करून बरा आहे ना ते विचारा. मग जो नियम इतरांना लागतो तोच त्याला लावा, त्याहून सौम्य नाही आणि कडक नाही.

ऑगस्टमध्ये ग्राहकाचं वेळापत्रक पुढे सरकलं आणि एखादी जागा मोकळी झाली, तर ती ज्याला नाकारली होती त्याच्याकडे स्वतः चालत जा. डिस्पॅचच्या मुलांकडून त्याला आधी कळलं तर तुम्ही दडवलंत असं होईल. तिकीट आता मिळणार नाही हे तोही जाणतो, कदाचित तो जाणारही नाही, तरी जा.

आणि एक साधी वही घाला. तारीख, नाव, काय मागितलं, काय उत्तर दिलं, काय कबूल केलं, कधीपर्यंत. दर आठवड्याला शेवटचे दोन रकाने वाचा. अनंत चतुर्दशी झाली की ज्या तिघांना यंदा जाता आलं नाही त्यांना एकेकट्याला बोलावून २०२७ च्या पानावर आपापलं नाव वर लिहिलेलं दाखवा, आणि शेजारी त्यांची सही घ्या.